शनिवारची खिडकी

सरांबद्दल लिहायचं तर आधी त्या खिडकीबद्दल लिहावं लागतं, आणि खिडकीबद्दल लिहायचं तर तिच्यामागे कोण बसायचं तेही सांगावं लागतं. मी बसायचो. म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही.

आमची शाळा कुंडलच्या पलीकडे, चारी अंगांनी उसात बुडालेली. खाली दहावीपर्यंत हायस्कूल, वर अकरावी-बारावी. मी तिथं लिपिक. गावाकडच्या शाळेत लिपिकाला कोणी नावानं हाक मारत नाही. पोरं, पालक, शिक्षक, सगळ्यांचा तो ‘भाऊसाहेब’. मी लागलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि कुणी भाऊसाहेब म्हटलं की छाती इंचभर पुढं यायची. सर तेव्हा पन्नाशीला आलेले. शिकवायचे भूगोल; पण भूगोलाचं त्यांना फार काही पडलं होतं असं मला कधी दिसलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच किडा होता. आपल्या गावातलं पोरगं जूनमध्ये कॉलेजात जातं आणि दिवाळीला परत येतं ते येतंच. ते का?

बाकीचे शिक्षक म्हणायचे, झेपत नाही, इंग्रजी कच्चं. सरांना ते मान्य नव्हतं.

“पोरं परीक्षेत नापास हुत न्हाईत, भाऊसाहेब. खिडकीपुढं नापास हुत्यात.”

त्यांचं म्हणणं असं, की कॉलेज म्हणजे वर्ग नव्हेत. कॉलेज म्हणजे ऑफिसची खिडकी. बोनाफाईड, होस्टेलचा अर्ज, स्कॉलरशिपचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, सगळं त्या खिडकीतून. गावातलं पोरगं तिथं जातं, आतला माणूस वसकन अंगावर येतो, पोरगं माघारी फिरतं. दुसऱ्यांदा जातं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जातच नाही. परीक्षेचा अर्ज राहतो. राहिला हे घरी सांगायची लाज. मग दिवाळीला येऊन म्हणतं, मला जमत न्हाई. “आन् आपण म्हणायचं, डोकं कमी. डोकं कमी न्हाई रं. पाय माघारी फिरला.”

एका शनिवारी ते गावातल्या सुताराला घेऊन आले. प्रयोगशाळेत एक मोडकं लाकडी कपाट पडलं होतं, त्याची फळी काढायला लावली आणि मधोमध वीतभर चौकोन कापून घेतला. ती फळी वरच्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीच्या दारात उभी केली. चौकोन इतका खाली, की पलीकडच्याशी बोलायचं तर मान वाकवावी लागे. सुतार म्हणाला, “सर, जरा वर घेऊ का?” सर म्हणाले, “नको. खऱ्या खिडक्या आशाच आसत्यात.”

मग ते माझ्याकडे आले. शनिवारी शाळा सकाळची, अकराला सुटते. त्यानंतर तासभर मी त्या फळीमागे बसावं.

“मी तिथं काय करू?”

“काय न्हाई. रोज जसा बसतोस तसाच बस.”

स्टाफरूममध्ये हशा पिकला. मीही हसलो.

नियम त्यांनी ठरवून दिला होता. पोरगं खिडकीशी आलं की मी दोनदा नाही म्हणायचं. कसंही, कुठल्याही कारणानं. तिसऱ्यांदा आलं तर कागद द्यायचा. पोरांना सांगितलेलं एवढंच, की तीनदा जायचं, आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही आणि बापाला आणायचं नाही.

पहिल्या शनिवारी पहिला आला तो एका सुभेदाराचा पोरगा. घरची वीस एकर उसाची जमीन, अंगानं पैलवान. वाकला आणि म्हणाला,

“बोनाफाईड पायजे.”

“कुणाला?”

“मला.”

“तू कोण?”

 पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागनं सर ओरडले, “सांग की लेका, कोण तू! का घरी इचारून येतोस?” रांगेतली पोरं खिदळली. तो पैलवान खरंच माघारी फिरला आणि सरळ सायकलकडे गेला. सर पळत जाऊन त्याच्या सायकलीचं कॅरिअर धरून उभे राहिले. त्याला तिसऱ्यांदा माझ्यापुढं वाकवायला त्यांना पाऊण तास लागला.

मला ते काम चांगलं जमायला लागलं. नको तितकं चांगलं. माझी दोन-तीन वाक्यं ठरून गेली. ‘साहेब जेवायला गेलेत.’ ‘प्रिंटर बंद आहे.’ ‘उद्या ये.’ पोरंही सरावली. येता-जाता मला चिडवायची, “भाऊसाहेब, प्रिंटरचा ताप उतरला का?” मला मजा वाटायची. आयुष्यात कुणी मला नाटकात घेतलं नव्हतं.

तास संपला की सर सगळ्यांना उभं करून एक गोष्ट न चुकता सांगायचे. “ही शनिवारची खिडकी खोटी. सोमवारी हापिसात बसत्यात ते भाऊसाहेब खरे. आपलं माणूस हाय. ते न्हाई म्हणाले तर न्हाईच आसतंय. तिथं जाऊन त्यास्नी तीनतीनदा छळायचं न्हाई.” हे ते माझ्या सोयीसाठी सांगायचे. माझ्या टेबलापुढं पोरांनी सराव करत बसू नये म्हणून.

गावात सरांना निम्मे लोक वेडे म्हणायचे आणि उरलेले निम्मे म्हणायचे की मास्तर पोरांना भांडायला शिकवतोय. एकदा चार पालक तोंडावर म्हणाले. सरांनी त्यांना शाळेच्या मैदानाकडे बोट करून दाखवलं. आमच्याकडे पहाटे मैदानावर पोरं पळत असतात, भरतीसाठी.

“ती कशाला पळत्यात?”

“मिल्ट्रीच्या भरतीला. ठावं न्हाई व्हय तुमास्नी?”

“किती दिस पळत्यात?”

“वरीस, दोन वरीस.”

“मग कॉलेजला जायच्या आधी पोरगं किती दिस पळतंय?”

पालक म्हणाले, “आवं मास्तर, कॉलेजात काय पळायचं आसतंय व्हय?” आणि तिथंच ते प्रकरण मिटलं. पटलं म्हणून नव्हे. एसटी आली म्हणून.

खिडकी हा त्यांचा एक प्रकार. दुसरा म्हणजे, बारावीच्या पोरांना दोघादोघांनी सांगलीला पाठवायचे आणि कुठल्यातरी कॉलेजातून एक माहिती आणायला सांगायचे. ग्रंथालय कधी बंद होतं? मुलींची स्वच्छतागृहं कुठल्या मजल्यावर? आणि शिपायाचं नाव काय? शिपायाच्या नावावर त्यांचा फार जोर. “प्राचार्याचं नाव फळ्यावर लिवलेलं आसतंय. शिपायाचं इचारावं लागतंय.” एक जोडी बसस्टँडवर भडंग खाऊन परत आली आणि शिपायाचं नाव ठोकून दिलं. सर दुसऱ्या दिवशी स्वतः सांगलीत विश्रामबागला जाऊन खात्री करून आले. स्वतःच्या खिशातलं तिकीट, अर्ध्या दिवसाची रजा. आल्यावर रागावले नाहीत. “नाव खोटं सांगिटलंत. पण एवढ्या मोठ्या कॉलेजात कुणीतरी त्या नावाचा आसंलच म्हणून मी सगळ्यास्नी इचारत फिरलो. आता मला तिथली आठ माणसं वळकत्यात.”

त्यांच्या शर्टाच्या खिशाला चार पेनं असायची. हुशार हा शब्द मी त्यांच्या तोंडून कुठल्याही पोराबद्दल ऐकला नाही. कुणाला प्रवेश मिळाला म्हणून पेढे आणले तर ते पेढा घ्यायचे, खिशातल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि म्हणायचे, “दिवाळीनंतर खातो.” “आवं सर, खराब हुईल की!” “हूं दे. ॲडमिशन झाली म्हंजे गाडीत बसला. उतरला कुठं ते कळू दे आधी.”

आणि दिवाळी. हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मला खोटं वाटलं असतं. कॉलेजांना सुट्टी लागली की सर गावच्या स्टँडवर जाऊन बसायचे. सकाळपासून. येणाऱ्या प्रत्येक गाडीतून आपलं कोण उतरतं आणि किती सामान घेऊन उतरतं, ते बघत. पाठीला एक पिशवी असली तर नुसती मान हलवायचे. पण गादीची वळकटी, बादली, ट्रंक असं सगळं घेऊन कुणी उतरलं, की उठायचे. सगळं सामान आणलं म्हणजे सोडून आला. त्याला घरी जाऊच द्यायचे नाहीत. स्टँडवरच्या हॉटेलात बसवून चहा पाजायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. “कुठला कागद राहिला?” अभ्यास कसा आहे, मन लागतं का, असलं काही नाही. कुठला कागद राहिला. आणि बहुतेकदा एक कागदच राहिलेला असायचा. वळकटी आणि बादली सर स्वतःच्या घरी ठेवून घ्यायचे. सुट्टी संपली की पोराला सामानासकट गाडीत बसवायचे आणि स्वतःही त्याच्याबरोबर जायचे. खिडकीपर्यंत. पण वाकायचं पोरानं. सर दहा पावलं मागं उभे.

आता रुपालीबद्दल.

तिचे वडील जतकडचे. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी माणसं. हंगामात इकडं यायची, उसवाल्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, पुन्हा माघारी. ते तसे येता येता गावाच्या कडेला राहिले, ते पोरीच्या शाळेसाठी. रुपाली त्यांची एकुलती. सरांच्या खिडकीवर तिच्याएवढं कुणी टिकलं नव्हतं. मी दोनदा नाही म्हटलं की ती शांतपणे विचारायची, “मग मी किती वाजता येऊ?” आणि त्या वेळेला यायची. सर तिला हुशार म्हणाले नाहीत, पण एकदा मला म्हणाले, “ही दिवाळीला एकच पिशवी घिऊन उतरंल.”

बारावीनंतर तिला सांगलीच्या एका कॉलेजात फार्मसीची सीट लागली. यादी लागल्याचं तिला पलूसच्या नेट कॅफेत कळलं तेव्हा हजर व्हायला एकच दिवस उरला होता. बाकी सगळे कागद सरांनी तिच्या फाइलीत लावून दिलेले. राहिला होता शाळा सोडल्याचा दाखला. तो आधी काढत नाहीत. एकदा काढला की शाळेशी नातं तुटतं, म्हणून सीट लागल्यावरच काढायचा. दाखला म्हणजे माझं काम. पुस्तकातून फाडायचा, भरायचा, हेडमास्तरांची सही, शिक्का. दहा मिनिटं.

ती आली तेव्हा सव्वाचार झाले होते. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. बहीण आष्ट्याला दिलेली. तिला पंचमीला आणायला मला साडेचारच्या गाडीनं जायचं होतं. कपाटाला कुलूप लावलं होतं, पिशवी खांद्याला होती.

“भाऊसाहेब, दाखला पायजे. सीट लागली. सांगलीला, फार्मसीला! उद्या पाचच्या आत हजर व्हायचंय.”

हेडमास्तर आतल्या खोलीत होते. चहा पीत होते. कपबशी वाजलेली मला ऐकू आली.

मी म्हणालो, “साहेब गेलेत. उद्या ये.”

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. ते जिभेवर तयारच होतं. तीन वर्षं दर शनिवारी घासूनपुसून ठेवलेलं.

ती म्हणाली, “उद्या किती वाजता येऊ?”

“दहाला.”

“बरं,” म्हणाली आणि गेली.

ती पुन्हा विचारील असं मला वाटलं होतं. विचारलं असतं तर मी कुलूप उघडलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं-खोटं मला आता सांगता येणार नाही. तिनं विचारलं नाही, कारण सरांनीच शिकवलं होतं, की सोमवार ते शुक्रवार हापिसातले भाऊसाहेब खरं बोलतात.

दुसऱ्या दिवशी पंचमीची शाळेला सुट्टी, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सूचनावहीत ती सूचना माझ्याच अक्षरात होती. सण आहे हे तिलाही माहीत होतं. पण भाऊसाहेब म्हणाले म्हणजे आपल्यासाठी ऑफिस उघडणार, असं तिला वाटलं. ती दहाला आली. एकपर्यंत फाटकाबाहेर उभी राहिली. सर त्या दिवशी तीन पोरांना हजर करायला साताऱ्याला गेले होते आणि गाडीत बसले की ते फोन बंद ठेवायचे. माझ्या फोनवर अनोळखी नंबरचे दोन मिस्ड कॉल होते. बहिणीची पोरं झोपाळ्यावर होती, मी झोके देत होतो. एकनंतर ती तशीच सांगलीला गेली, खिडकीपुढं उभी राहिली, तीनदा विचारलं. तिथल्या माणसानंही तीनदा सांगितलं की मूळ दाखल्याशिवाय काही करता येत नाही. पाच वाजले. सीट गेली.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही सगळे. हेडमास्तर खुर्चीत, सर उभे, रुपाली आणि तिचे वडील दाराशी. वडिलांनी चपला बाहेर काढल्या होत्या.

हेडमास्तरांनी मला विचारलं, “ही आली होती का त्या दिवशी?”

माझ्या नेमणुकीची कायम मान्यता तेव्हा यायची होती. कागद हेडमास्तरांच्या टेबलावर होता. ‘आली होती’ म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग दाखला का दिला नाही. आणि साहेब आत चहा पीत असताना साहेब गेलेत असं तिला सांगितल्याचं बाहेर आलं असतं.

मी म्हणालो, “नाही आली.”

“आल्ते की, भाऊसाहेब,” रुपाली म्हणाली. आवाज चढवला नाही. “सव्वाचारला. तुमच्या खांद्याला पिशवी हुती.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “भाऊसाहेब?”

“नाही सर.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “भ्याली आसशील. आयत्या वक्ताला पाय माघारी फिरला आसंल. हुतंय आसं. भ्यालं तर चालतंय, रुपाली. खोटं बोललेलं चालत न्हाई.”

तिच्या वडिलांनी फक्त एवढंच म्हटलं, “बास झालं शिक्षाण. चल.” आणि तिच्या हातातली फाईल घेऊन बाहेर पडले. आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ एकच घेतला, की बापालाही पोरगी खोटारडी वाटली.

पुढच्या शनिवारी मी अकरा वाजता वर गेलो तर दारात फळी नव्हती. सरांनी ती सुताराला देऊन टाकली होती. “भाऊसाहेब, ते आता नगं,” म्हणाले. “जी सगळ्यांत पक्की, तीच भ्याली. म्हंजे आपला इलाज खोटा.” मी हो म्हणालो. त्या दिवाळीला ते स्टँडवरही गेले नाहीत. निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला, चांगला शिकवला. माझी मान्यता त्याच महिन्यात आली.

हे कुणाला सांगायची वेळ माझ्यावर यावी असं काही पुढं घडलं नाही. रुपालीनं बाहेरून बी.ए. केलं, लग्न होऊन सांगलीला गेली, असं कळलं. बायकोलाही मी काही बोललो नाही. मी मुळातच कमी बोलणारा, त्यामुळं न बोललेलं कुणाला जाणवलं नाही.

गेल्या दिवाळीला माझी स्वतःची मुलगी विश्रामबागच्या कॉलेजातून सुट्टीला आली. मी स्टँडवर आणायला गेलो होतो. गाडीतून ती उतरली, मागनं गादीची वळकटी उतरली, बादली उतरली. मी मोटारसायकलवर बसल्या जागी गार पडलो. घरी तिनं सांगितलं, मला नाही जमत तिथं. बायको म्हणाली, राहू दे, जवळच्या कॉलेजात घाल. मी तिला विचारलं, “कुठला कागद राहिला?” ती रडायला लागली. परीक्षेचा अर्ज राहिला होता. खिडकीवरून दोनदा परत आली होती. लिपिकाची मुलगी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांकडे गेलो. अडुसष्ट वर्षांचे झालेत, गुडघे धरलेत, आष्ट्याच्या रस्त्याला मळ्यात राहतात. ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

“सर, पोरीला घेऊन तुम्ही एकदा चला. तुमचं ऐकेल.”

“मी ते सोडून दिलंय, ठावं हाय की तुला.”

“पुन्हा धरा.”

“कशाच्या जीवावर?” त्यांनी शेंग फोडली, दाणे माझ्यापुढं केले. “तुझ्या पोरीला शिकवीन आन् आयत्या वक्ताला ती रुपालीगत घाबरंल. मग तू काय म्हणशील?”

“रुपाली घाबरली नव्हती,” मी म्हणालो. “आली होती.”

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“किती वाजता?”

“सव्वाचारला.”

“साहेब हुते?”

“आत चहा पीत होते.”

“मग?”

“मला गाडी गाठायची होती.”

मी सगळं सांगितलं. वर लिहिलंय ते सगळं, झोपाळ्यासकट. मला वाटलं होतं ते शिव्या देतील. मला त्या हव्याही होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं, आत गेले आणि शर्ट घालून आले. खिशाला एकच पेन.

“चल.”

“कुठं?”

“विश्रामबागला. मेडिकलात काउंटरला आसती रुपाली. धा वर्सं झाली. त्या दुकानावरनं जायला नगं म्हणून मी पलीकडच्या रस्त्यानं जातो.”

एसटीत आम्ही शेजारी बसलो. इस्लामपूर फाटा मागं पडला. मग सर म्हणाले, “तुझ्या पोरीकडं गुरुवारी जाईन. तिचा त्यात काय दोष.”

दुकान लहान, पण गिऱ्हाईक भरपूर. रुपाली काउंटरच्या आत, पांढरा कोट घातलेला, चिठ्ठ्या वाचून औषधं काढत होती. दुकानाचा परवाना दुसऱ्या कुणाचा तरी, भिंतीवर फ्रेममध्ये. तिनं आम्हाला ओळखलं. हातातलं काम थांबवलं नाही.

सर काउंटरशी गेले. “तू आल्तीस.”

“व्हय,” ती म्हणाली.

“ह्यानं आज सांगिटलं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. “मला काय नवं सांगताय सर? मीच आल्ते न्हवं.” एका बाईला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं, पैसे घेतले. मग म्हणाली, “भाऊसाहेब खोटं बोलले त्याचं मला येवढं न्हाई वाटलं. माणूस भितं. पर तुमी माझ्याबद्दल त्यास्नी इचारलंसा, सर. मला न्हाई इचारलंसा.”

सरांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले होते. “चुकलं माझं,” म्हणाले.

“आमच्या आबास्नी सांगा,” ती म्हणाली. “ते त्या दिसापास्नं त्याबद्दल माझ्यासंगं एक शब्द बोलल्याले न्हाईत.” तिनं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि सरांपुढं न धरता माझ्या हातात दिला. “तुमी सांगा.”

पलीकडून वारा आणि मेंढरांचा आवाज आला. “कोण?”

“मी शाळेतला भाऊसाहेब बोलतोय.”

“कोण? मोठ्यानं बोला, रानात हाय!”

दुकानात पाच-सहा माणसं होती. एक पोर कडेवर घेतलेली बाई माझ्या कोपराला लागून उभी होती. मी आयुष्यात चारचौघांत कधी ओरडलेलो नाही. मी ओरडलो. “मी शाळेतला भाऊसाहेब! तुमची रुपाली त्या दिवशी दाखल्याला आली होती! मी नाही म्हणालो, ते खोटं होतं! मी खोटं बोललो!”

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. पलीकडे नुसतं वारं. मग ते बोलले, हळू, ओरडल्याशिवाय. आणि मेंढरं कुणाच्यातरी उसात शिरतायत म्हणून फोन बंद केला.

“काय म्हणाले?” सरांनी विचारलं. रुपालीनं विचारलं नाही, पण तिचा हात औषधाच्या खणावरच थांबला होता.

‘बरं म्हणाले’ असं सांगितलं असतं तर चाललं असतं. सर गुडघे धरलेले म्हातारे, इतक्या लांब आलेले. वाक्य जिभेवर आलंही होतं.

मी सांगितलं ते असं. “म्हणाले, मला ठावं हुतं. माझी पोरगी खोटं बोलत न्हाई. पर जिथं मास्तरच पोरीवर इस्वास ठिवत न्हाई, तिथं तिला कशाला ठिवायची, म्हणून नेली.”

सरांनी काउंटरची कडा धरली. रुपाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खणातून एक डबी काढली, परत ठेवली. मग काउंटरची फळी उचलून बाहेर आली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि म्हणाली, “बसा, सर.”

सर बसले. मला ती काही म्हणाली नाही.